मायटर सॉ घेतलीत? आधी लाकूड हलणार नाही एवढं बघा

मागच्या महिन्यात धाकट्या मेव्हण्याने मायटर सॉ घेतली. खोकं उघडलं, मशीन जोडलं आणि चालू करायच्या आधी मला फोन लावला, म्हणाला "दाजी, चालू कशी करायची ते पुस्तिकेत दिलंय, पण काय केल्यावर बोट जातं ते तुम्ही सांगा." मला हा प्रश्न फार आवडला, कारण मशीन घेतल्यावर पहिला विचारायचा प्रश्न हाच आहे. त्याला फोनवर तासभर जे सांगितलं तेच इथे जरा सविस्तर लिहितोय, घरी शेडमध्ये, गच्चीवर किंवा पार्किंगच्या कोपऱ्यात हौसेने सुतारकाम करणाऱ्या कुणालाही उपयोगी पडावं म्हणून.

ज्यांनी हे मशीन हाताळलं नाहीये त्यांच्यासाठी आधी ओळख. ॲल्युमिनियमच्या स्लायडिंग खिडक्या करणाऱ्याच्या दुकानात तुम्ही ते नक्की बघितलं असणार. खाली छोटं टेबल, टेबलाच्या मागच्या बाजूला एक उभी पट्टी जिला फेन्स म्हणतात, आणि वरती बिजागरीवर बसवलेलं गोल ब्लेड. पट्टी फेन्सला टेकवून ठेवायची, हँडल धरून ब्लेड खाली आणायचं, कट झाला. टेबलातला गोल भाग ब्लेडसकट डावी-उजवीकडे फिरतो त्यामुळे तिरका कट मिळतो, ४५ अंशावर लावलं की फोटोफ्रेमचा कोपरा, ३० वर षटकोन, २२.५ वर अष्टकोन. हाताच्या करवतीने असा कोपरा जुळवायला ज्याने घाम गाळलाय त्याला या मशीनची किंमत कळते. पण हे मशीन फक्त आडवं कापण्यासाठी आहे, म्हणजे पट्टी, बीडिंग, रिपा, चौकटीचं लाकूड वगैरे. फळी उभी चिरायची असेल तर ते काम याचं नाही आणि तसा प्रयत्नही करू नका.

आता मुद्द्याचं. नवीन माणसाची सगळी भीती ब्लेडवर असते. पण विचार करा, ब्लेड एका ठरलेल्या रेषेत खाली येतं आणि त्याच रेषेत वर जातं, ते कुठे येणार हे आपल्याला आधीच माहीत असतं. माहीत नसतं ते लाकूड कुठे जाणार हे. लाकूड सरकतं, फिरतं, वळतं, उडतं, आणि त्याच्यामागे आपला हात ओढला जातो किंवा घाबरून नको तिकडे जातो. मायटर सॉवरचे जे जे प्रसंग मी बघितले किंवा ऐकले ते जवळपास सगळे लाकूड हलल्यावरचे आहेत. म्हणून माझा एकच नियम आहे, ट्रिगर दाबल्यापासून ब्लेड पूर्ण थांबेपर्यंत लाकूड हललं नाही पाहिजे. खाली जे काही लिहिलंय ते सगळं याच्यासाठीच.

थोडं गणित बघू म्हणजे घाई का करायची नाही ते समजेल. घरगुती मशीनचं ब्लेड साधारण १० इंची असतं, म्हणजे २५५ मिलिमीटर. त्याचा घेर झाला ८० सेंटिमीटर. मशीन मिनिटाला ५००० फेरे मारतं असं धरलं (बऱ्याच मशीनवर ४५०० ते ५००० च्या आसपास लिहिलेलं असतं) तर ब्लेडचा दात मिनिटाला ४००० मीटर पळतो, म्हणजे ताशी २४० किलोमीटर. माणसाला काही कळून हात मागे घ्यायला चांगल्यात चांगला म्हटलं तरी पाव सेकंदाच्या आसपास वेळ लागतो. आपण ०.२ सेकंद धरू. तेवढ्यात ६० दातांच्या ब्लेडचे हजार दात त्याच एका जागेवरून गेलेले असतात. त्यामुळे "मी लक्ष ठेवून असतो, काही झालं तर हात पटकन काढून घेईन" हे कुणी म्हणालं तर त्याला हा हिशोब दाखवा. हात मुळात तिथे नसणं एवढाच उपाय आहे.

ब्लेड कुठल्या दिशेने फिरतं हे समजून घेणं फार महत्त्वाचं. तुम्ही समोर उभे आहात, तर तुमच्याकडची ब्लेडची बाजू वरून खाली येते आणि तळाचे दात तुमच्यापासून लांब, फेन्सकडे जातात. म्हणजे ब्लेड स्वतःच लाकडाला खाली टेबलावर आणि मागे फेन्सवर दाबत असतं. हे फार सोयीचं आहे, पण एका अटीवर, लाकूड आधीपासूनच टेबलाला आणि फेन्सला टेकलेलं पाहिजे. मध्ये फट असेल तर ब्लेड ती फट भरून काढणार, तेही ताशी २४० किलोमीटरच्या जोराने, लाकूड फाडकन मागे आदळणार. फेन्सला न टेकवता, नुसत्या खुणेवर डोळा ठेवून तिरकी पट्टी हातात धरून कापणारे लोक मी बघितलेत. हे कधीही करू नका. मनासारखा कोन येत नसेल तर टेबल फिरवा, लाकूड फिरवू नका.

वाकडं लाकूड हा आपल्याकडचा खरा त्रास आहे, कारण घरी काम करणारा माणूस बहुतेक वेळा पॅकिंगचं पाइन, जुन्या घराचे वासे नाहीतर पावसाळ्यात दमट झालेल्या रिपा वापरतो. पट्टी डोळ्यासमोर धरून लांबीकडे बघा, धनुष्यासारखा बाक दिसेल. आता ही पट्टी फेन्सला कशी लावायची? हात आपोआप उलटं करतो. दोन टोकं फेन्सला टेकतात, पट्टी छान स्थिर वाटते, आणि मध्ये जिथे कापायचंय तिथे फेन्स आणि लाकडात फट राहते. ब्लेड आत गेलं की मधला भाग मागे ढकलला जातो आणि कापाच्या दोन्ही भिंती ब्लेडवर आवळतात. मशीन गुरगुरतं, ब्लेड अडकतं, लाकूड झटका मारतं. म्हणून बाकाचा फुगीर भाग फेन्सकडे ठेवायचा, आणि जिथे कापायचं बरोबर तिथेच लाकूड फेन्सला टेकलेलं असायला हवं. मग कट जसा पुढे जातो तशी फट उघडत जाते, ब्लेड मोकळं राहतं. तसंच खालच्या बाजूलाही बघायचं, लाकूड टेबलावर डुगडुगत असेल तर खाली पातळ पाचर सारून आधार द्या आणि क्लॅम्प (लाकूड आवळून धरणारा शिकंजा) लावा. पीळ पडलेलं लाकूड असेल, म्हणजे एक टोक एकीकडे आणि दुसरं दुसरीकडे वळलेलं, तर सरळ बाजूला ठेवून द्या, त्याच्यावर आधी रंधा मारून एक बाजू सपाट करा.

आता हात. उजव्या हाताने हँडल, डाव्या हाताने लाकूड, आणि डावा हात ब्लेडच्या रेषेपासून कमीत कमी १५ सेंटिमीटर लांब. बऱ्याच मशीनच्या टेबलावर दोन्ही बाजूंना लाल किंवा पिवळ्या रेषा असतात, त्याच्या आत हात न्यायचाच नाही असा त्याचा अर्थ. रेषा नसेल तर पंजा पूर्ण पसरा, अंगठ्याच्या टोकापासून करंगळीच्या टोकापर्यंत, म्हणजे एक वीत, ती १५ सेंटिमीटरपेक्षा जास्तच भरते. ब्लेडपासून एक वीत हे माप कधी विसरत नाही. आणि एक बारीक गोष्ट, तुमचा अंगठा बघा. लाकूड दाबून धरलं की चार बोटं वर असतात आणि अंगठा आपसूक बाजूला पसरतो, नेमका ब्लेडच्या दिशेने. चार बोटं एक वीत लांब आहेत म्हणून आपण निर्धास्त असतो आणि अंगठा मात्र आठ-नऊ सेंटिमीटरवर आलेला असतो. अंगठा बोटांना चिकटवून ठेवायची सवय लावून घ्या, माप अंगठ्यापासून मोजा.

हात कधी एकमेकांवरून न्यायचे नाहीत. म्हणजे उजव्या बाजूचा लांब तुकडा धरायचाय म्हणून डावा हात ब्लेडसमोरून उजवीकडे न्यायचा, हे अगदी सोपं वाटतं आणि अगदी वाईट आहे, कारण मग दंडच ब्लेडच्या रेषेत येतो. तसं करायची वेळ आली तर हात बदला, डाव्या हाताने हँडल धरा आणि उजव्याने लाकूड. सुरुवातीला अवघडल्यासारखं होतं, दहा-वीस कट बंद मशीनवर करून बघा, सवय होते.

एक वीत अंतर राखून धरता येत नाही एवढा तुकडा लहान असेल तर? तर हाताने धरायचाच नाही. इथेच सगळ्यात जास्त लोक फसतात, आणि फसण्याची वेळ ठरलेली आहे, फ्रेमचा शेवटचा कोपरा जुळत नाही, एक-दोन मिलिमीटर जास्त आहे, हातात सहा इंचाची पट्टी आहे आणि मनात येतं की चटकन एवढंसं तासून घेऊ. लहान तुकड्यासाठी क्लॅम्प आहे. मशीनबरोबर येणारा क्लॅम्प आपण खोक्यात ठेवून देतो, तो काढून मशीनला लावूनच ठेवा. त्याहून सोपा उपाय म्हणजे मुळात लहान तुकडा कापायचाच नाही, आधी लांब पट्टीवर कोपऱ्याचा कट घ्यायचा आणि तुकडा शेवटी वेगळा करायचा.

आणि केसभर कापायचं असेल तर एक युक्ती सांगतो, मला एका जुन्या सुतारकाकांनी दाखवलेली, अजून प्रत्येक फ्रेमला वापरतो. मशीन बंद. ट्रिगरला हात न लावता ब्लेड खाली आणा आणि पट्टीचं टोक ब्लेडच्या सपाट पत्र्याला हलकेच टेकवा, दाताला नाही, पत्र्याला. आता पट्टी तिथेच क्लॅम्प करा. ब्लेड वर घ्या, मग चालू करा, पूर्ण वेग आला की सावकाश खाली आणा. ब्लेडचे दात पत्र्यापेक्षा थोडे जाड असतात, दात ३ मिलिमीटर तर पत्रा २ च्या आसपास, त्यामुळे दोन्ही बाजूंना अर्धा-अर्धा मिलिमीटर दात बाहेर असतो. तेवढंच लाकूड निघतं, अर्धा मिलिमीटर, कागदासारखी साल. पुन्हा हवं असेल तर पुन्हा तसंच. डोळ्याचा अंदाज नाही, हात जवळ नाही, आणि कोपरा असा बसतो की फट शोधून सापडत नाही.

आता माझ्या बाबतीत घडलेलं. झाडांच्या कुंड्यांसाठी पाइनचे सारख्या मापाचे तुकडे हवे होते, प्रत्येकी ५ सेंटिमीटर, चाळीस-पन्नास नग. प्रत्येक वेळी खूण करायला नको म्हणून ब्लेडच्या उजव्या बाजूला फेन्सवर एक गुटका (लाकडी ठोकळा) पक्का केला, पट्टी डावीकडून सरकवायची, गुटक्याला टेकली की कट. डावा हात डावीकडे, व्यवस्थित लांब. बारा-तेरा तुकडे छान निघाले. मग एकदा कट पूर्ण झाल्या झाल्या ब्लेड फिरत असतानाच मी वर उचललं, आणि तो ५ सेंटिमीटरचा तुकडा, जो गुटका आणि ब्लेड यांच्या मधल्या जागेत बसला होता, किंचित तिरका झाला. तिरका झाल्यावर तो त्या जागेत मावेना. वर येणाऱ्या ब्लेडच्या दातांनी तो पकडला. पत्र्यावर गोळी लागावी तसा आवाज झाला, तुकडा फेन्सवर आपटून माझ्या कानाजवळून मागे गेला आणि शेडच्या पत्र्याला खड्डा पडला. तो खड्डा अजून आहे. मला काही झालं नाही, पण त्या दिवशी मी मशीन पुन्हा चालू केलं नाही, बसून राहिलो आणि नेमकं काय झालं याचा कागदावर नकाशा काढला.

झालं असं की तुकडा दोन्हीकडून अडकलेला होता पण धरलेला नव्हता. कापल्यावर दोन भाग होतात, त्यातला एक आपण धरलेला असतो आणि दुसरा सुटा असतो. सुटा भाग पूर्ण मोकळा असला पाहिजे, त्याला बाजूला सरकायला जागा हवी, त्याच्या पलीकडे गुटका, भिंत, डबा, काहीही नको. गुटका लावायचाच तर धरलेल्या बाजूला लावा. आणि तुकडे लहान असतील, जे धरता येत नाहीत, तर एक जास्तीची ढिली फळी वापरा, गुटका मापापेक्षा एक सेंटिमीटर लांब लावायचा, गुटका आणि पट्टीच्या मध्ये एक सेंटिमीटरची फळी ठेवायची, पट्टी त्या फळीला टेकवायची, पट्टी क्लॅम्प करायची, मग फळी काढून घ्यायची आणि मग कापायचं. माप तेच येतं आणि सुट्या तुकड्याला एक सेंटिमीटर मोकळी जागा राहते. मी आता असंच करतो, तुकड्यामागे पाच-सात सेकंद जास्त जातात.

दुसरी चूक म्हणजे फिरतं ब्लेड उचलणं. ही तर सगळेच करतात, कारण कट झाला की काम झालं असं मनाला वाटतं. काम तेव्हा होतं जेव्हा ब्लेड थांबतं. क्रम असा ठेवा: ब्लेड वर असताना ट्रिगर दाबा, ब्लेडचा सूर एकसारखा होऊ द्या म्हणजे पूर्ण वेग आला, मग दाबून नाही तर ब्लेडला कापू देत सावकाश खाली या, कट पूर्ण झाला की ब्लेड खालीच ठेवून ट्रिगर सोडा, थांबेपर्यंत तसेच उभे राहा, आणि थांबल्यावर वर घ्या. इलेक्ट्रिक ब्रेक असलेलं मशीन दोन-तीन सेकंदात थांबतं, ब्रेक नसलेलं दहा-बारा सेकंदही फिरत राहतं. तेवढा वेळ डावा हातही जागचा हलवायचा नाही, सुटा तुकडा उचलायला जायचं नाही, भुसा झटकायचा नाही. भुशाला ब्रश ठेवा, हात नाही.

तुमचं मशीन स्लायडिंगवालं असेल, म्हणजे ब्लेड पुढे-मागे सरकणारं, तर एक गोष्ट जास्तीची. रुंद फळी कापताना आधी ब्लेड वर ठेवूनच आपल्याकडे ओढा, मग खाली दाबा, आणि मग फेन्सकडे ढकलत कापा. कापत कापत आपल्याकडे ओढू नका. तळाचे दात फेन्सकडे जातायत हे वर सांगितलं, तर तुम्ही उलट्या दिशेने ओढलं की दात लाकडावर चढतात, चाक दगडावर चढतं तसं, आणि मशीनचं सगळं डोकं, म्हणजे मोटर आणि ब्लेड, उसळून तुमच्याच अंगावर येतं. हे एक वाक्य मेव्हण्याला मी तीनदा म्हणायला लावलं: पुढे ओढा, खाली दाबा, मागे ढकला.

लांब लाकडाचं टोक हवेत लोंबकळत असेल तर ते खाली झुकतं आणि कट संपता संपता फट आवळते किंवा लाकूड उचकटतं. टेबलाच्या उंचीचे दोन ठोकळे, स्टूल, काहीही दोन्ही बाजूंना ठेवा. पण घरातल्या माणसाला "जरा ते टोक धर गं" म्हणून उभं करू नका, समोरचा माणूस नकळत ओढतो किंवा उचलतो आणि त्याला मशीन काय करतंय ते दिसत नसतं. मशीनही बेंचवर बोल्टने कसा, जमिनीवर उकिडवं बसून वापरायचं हे मशीन नाही. आपल्याकडे सुतारकाम खाली बसून करायची जुनी सवय आहे, पायाने लाकूड दाबून धरायची कलाही थक्क करणारी आहे, पण हाताच्या करवतीचं ते इथे चालत नाही.

कपड्यांबद्दल थोडक्यात: लांब बाह्या, ओढणी, पदर, गळ्यातली चेन, मनगटावरचा दोरा, गंडा, राखी, कडं, सगळं काढून किंवा खोचून. केस बांधून. हातमोजे नकोत, फिरत्या ब्लेडने मोज्याचा धागा पकडला तर तो बोटासकट आत घेतो, मोजे फक्त लाकूड वाहताना आणि ब्लेड बदलताना घाला. चपलेऐवजी बूट. डोळ्याला साधा नंबरचा चष्मा पुरत नाही, बाजूने बंद असलेला सेफ्टी चष्मा घ्या, हार्डवेअरच्या दुकानात स्वस्तात मिळतो.

कान आणि नाक यांचं नुकसान दिसत नाही म्हणून लोक दुर्लक्ष करतात. हे मशीन कानाशी ९५ ते १०० डेसिबलच्या आसपास आवाज करतं. कामाच्या ठिकाणच्या आवाजाचा अमेरिकन संस्था नायॉशचा हिशोब असा आहे की ८५ डेसिबलला आठ तास चालतात, आणि दर ३ डेसिबल वाढले की वेळ निम्मा, म्हणजे १०० डेसिबलला फक्त १५ मिनिटं. पत्र्याच्या शेडमध्ये किंवा छोट्या खोलीत आवाज घुमतो तो वेगळाच. इअरमफ घाला. भुशाचं तर त्याहून गंभीर आहे, जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्येच लाकडाच्या धुळीला कर्करोगकारक गोष्टींच्या पहिल्या गटात टाकलंय, नाक आणि सायनसच्या कॅन्सरशी तिचा संबंध आहे. एमडीएफ (लाकडाचा चुरा गोंदाने दाबून केलेला बोर्ड) कापत असाल तर त्यातल्या गोंदातलं फॉर्माल्डिहाइडही त्याच गटातलं. मशीनची पिशवी थोडाच भुसा पकडते, जो बारीक असतो तोच हवेत राहतो आणि तोच फुप्फुसात जातो. रुमाल बांधून उपयोग नाही, एन-९५ मास्क घाला आणि दारं-खिडक्या उघडी ठेवा.

वीज. १६५० वॅटचं मशीन २३० व्होल्टवर सात अँपिअरच्या वर घेतं, आणि सुरू होताना क्षणभर त्याच्या कितीतरी पट. घरातला छोटा तीन पिनांचा सॉकेट ६ अँपिअरचा असतो, त्यामुळे फ्रिज-गीझरला असतो तो १६ अँपिअरचा पॉवर पॉइंट लागतो, आणि अर्थिंग खरोखर जोडलेलं आहे ना ते इलेक्ट्रिशियनकडून बघून घ्या. टीव्हीची बारीक एक्स्टेंशन लावून काम करू नका, वायर तापते, मशीनला व्होल्टेज कमी मिळतं, वेग पडतो आणि ब्लेड लाकडात अडकायला लागतं. जाड वायरची घ्या, गुंडाळी पूर्ण उलगडून वापरा, आणि वायर तुमच्या पायाखालून जाणार नाही अशी टाका.

ब्लेडबद्दल बरंच बोलता येईल पण सुरक्षिततेपुरतं सांगतो. या मशीनला दाताचा झुकाव उलटा किंवा अगदी कमी असलेलं ब्लेड लागतं, ज्याला निगेटिव्ह हुक म्हणतात, पाकिटावर उणे ५ अंश असं काहीतरी लिहिलेलं असतं. फळ्या उभ्या चिरायच्या ब्लेडचे दात पुढे झुकलेले असतात, २० अंशांपर्यंत, ते या मशीनवर लाकडाला हपापल्यासारखे ओढतात. फ्रेम-बीडिंगला ६० ते ८० दात, जाड कामाला ४०. ब्लेडवर जास्तीत जास्त किती फेरे चालतील ते छापलेलं असतं, तो आकडा मशीनच्या आकड्यापेक्षा मोठाच हवा. मधलं भोकही मशीनच्या शाफ्टला नेमकं बसलं पाहिजे, ढिलं बसतंय म्हणून वॉशर घालून जुगाड नको. बदलताना आधी प्लग काढा, स्विच बंद केलाय एवढ्यावर विसंबू नका. आणि बोल्ट उघडत नाही म्हणून जोर लावायच्या आधी लक्षात घ्या, बहुतेक मायटर सॉच्या बोल्टला उलटे आटे असतात, घड्याळाच्या दिशेने फिरवला की सुटतो. जुन्या वाड्याचं लाकूड असेल तर कापायच्या आधी लोहचुंबक फिरवून खिळे शोधा, खिळ्याला लागून तुटलेला कार्बाइडचा दात कुठेही जाऊ शकतो. लोखंड तर या मशीनवर कापायचंच नाही, त्याचं चकतीवालं मशीन दिसायला सारखं असलं तरी वेगळं.

जाता जाता एक गोष्ट, विषयाच्या जरा बाहेरची आहे पण मनापासून सांगावीशी वाटते. मायटर सॉ महाग पडते म्हणून बरेच लोक ग्राइंडरला किंवा मार्बल कटरला लाकडाचं दातेरी ब्लेड लावतात, आणि ते बसावं म्हणून गार्डही (ब्लेडवरचं संरक्षक कव्हर) काढून टाकतात. कुठल्याही फर्निचरच्या साइटवर हे दिसतं. ग्राइंडर मिनिटाला ११,००० च्या आसपास फिरतो, त्याला ना टेबल आहे ना फेन्स, दात लाकडात अडकला की सगळं यंत्र हातातून उसळतं आणि जातं ते मांडीकडे नाहीतर गळ्याकडे. पैसे नसतील तर हाताची करवत आणि तीस रुपयांच्या लाकडात स्वतः बनवलेला ४५ अंशांचा खाचेचा डबा वापरा. हळू होतं पण कोपरा तितकाच सुंदर येतो, मी पहिली दोन वर्षं असंच केलं.

मशीनचं काम संपलं की प्लग काढायचा, आणि घरात मुलं असतील तर ब्लेड खाली लॉक करून ठेवायचं. बऱ्याच मशीनच्या ट्रिगरमध्ये छोटं भोक असतं, ते कुलूप घालण्यासाठी दिलेलं असतं, त्यात एक छोटं कुलूप अडकवा.

आणि एवढं करूनही कधी वाईट घडलंच तर काय करायचं हे आधी माहीत असायला हवं, कारण त्या क्षणी सुचत नाही. जखमेवर स्वच्छ कापड घट्ट दाबून धरायचं, हात छातीच्या वर ठेवायचा, १०८ ला फोन. बोट तुटलंच असेल तर तो भाग शोधायचा, स्वच्छ ओल्या गॉजमध्ये गुंडाळायचा, प्लास्टिकच्या पिशवीत घालून पिशवी घट्ट बंद करायची आणि ती पिशवी बर्फाच्या पाण्यात ठेवायची. बोट थेट बर्फावर ठेवायचं नाही, त्याने पेशी गोठून खराब होतात आणि मग डॉक्टरांना जोडता येत नाही. जवळच्या कुठल्याही दवाखान्यात न नेता, बोट जोडायची मायक्रोसर्जरी जिथे होते तिथेच न्यायचं, आणि ते तुमच्या गावाजवळ कुठे आहे हे आजच शोधून ठेवा. मेव्हण्याला मी फोन ठेवायच्या आधी तेवढंच काम दिलं होतं. दुसऱ्या दिवशी त्याने फोटो पाठवला, मशीनच्या वर भिंतीवर कागद चिकटवलेला, मोठ्या अक्षरात हॉस्पिटलचं नाव आणि नंबर, खाली बायकोच्या अक्षरात "एक वीत". आणि टेबलावर क्लॅम्प लावलेला दिसत होता.